काळ्या ॲशचा ओंडका

ओंडका दलदलीतून घरी आणला तेव्हा बर्फ नुकतं विरघळलं होतं आणि अंगणात घोटाभर चिखल होता. माझ्या नवऱ्यानं, ब्रेंटनं, तो साखळीनं स्वतःच्या ट्रकला बांधून ओढत आणला. मोझ मामा मागून चालत नुसत्या सूचना देत होता. बाबा पुढच्या सीटवर ऑक्सिजनची नळकांडी मांडीवर घेऊन बसले होते. काच खाली करून सारखे मागे वळून बघत होते, दवाखान्यातून कुणाला घरी आणत असल्यासारखे.

झाड त्यांनीच हेरून ठेवलं होतं, पायात बळ होतं तेव्हा. आता आमच्या आदिवासी वस्तीच्या, आक्वेसास्नेच्या, रानात काळ्या ॲशच्या झाडांना हिरवी कीड लागलीय. सालीखाली शिरते आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. दलदलीत जावं तर साल गळून पांढरे पडलेले बुंधे नुसते. हे एक वाचलं होतं. सरळसोट, एक गाठ नाही. आई म्हणाली होती की उभं राहू द्या, बी तरी धरेल.

"पुढच्या वर्षी ते नसेल आणि मीही नसेन," बाबा म्हणाले. "आणा."

ब्रेंटनं ट्रकमध्ये साखळी टाकली.

ओंडका ओला आहे तोवरच ठोकायला हवा. साल सोलायची, मग या टोकापासून त्या टोकापर्यंत मोगरीनं ठोकत जायचं, एक घाव दुसऱ्यावर अर्धा चढवत. बोटभर जागा सुटली की तिथं पट्टी अडकते आणि फाटते. नीट ठोकलं की एका वर्षाची वाढ दुसऱ्या वर्षापासून सुटते, हातात लांबच लांब ओली पट्टी येते. त्या पट्ट्या आई चिरते, तासते, त्यांच्या टोपल्या विणते. आमच्या घरात ठोकणं बाबांचं आणि विणणं आईचं. घरात बसून नुसत्या आवाजावरून ती सांगायची, आता टोकाला पोचला, आता पट्टी सुटली. ओंडका वाळला तर मग चुलीत घालायचा.

"ब्रेंट ठोकेल," आई म्हणाली.

बाबा शेडकडे निघाले. अर्ध्या वाटेत ट्रकचं बॉनेट धरून उभे राहिले, खांदे वरखाली होत होते. मग आत गेले आणि मोगरी घेऊन आले. नाकातली नळी नीट केली. पाय फाकवून ओंडक्यापाशी उभे राहिले, आणि त्या उभं राहण्यात मला एकदम जुने बाबा दिसले, गर्डरवर उभे असल्यासारखे.

ठक. ठक. ठक.

आणि थांबले. मान एका बाजूला, तोंड अर्धवट उघडं, मोगरी हवेत.

"पुरे झालं लोरन, बस आता," आई म्हणाली.

बाबांनी परत तीन घाव घातले आणि परत तसेच थांबले.

"दाजी," मोझ मामा म्हणाला, "ओंडका ठोकताय का कुणाचं दार वाजवताय?"

आम्ही हसलो. बाबाही हसल्यासारखे झाले, पण त्यांचा खालचा ओठ निळसर पडला होता. ब्रेंटनं मोगरीकडे हात नेला. बाबांनी ती छातीशी धरली, लहान पोरानं खेळणं धरावं तशी. ब्रेंटनं दोन्ही हात वर केले आणि मागे सरकला.

"जावईबापू, ओंडक्याला हात लावाल तर याद राखा," मामा म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

आमच्याकडच्या बहुतेक पुरुषांसारखे बाबाही लोखंडकामगार. रविवारी गाडीत बसून न्यूयॉर्क गाठायचं, आठवडाभर उंचावर लोखंड जोडायचं, शुक्रवारी परत. जोडीदार फेलिक्स. एकाच गर्डरच्या एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो. तिथले जुळे मनोरे पडले त्या दिवशी दोघं शहरातच दुसऱ्या इमारतीवर होते. कुणी बोलावलं नव्हतं. गॅस कटर घेतले आणि चालत गेले. तिथं लोखंड कापणारी माणसं हवी होती. मी तेव्हा शाळेत होते. बाबा घरी आले तेव्हा आईनं त्यांचे कपडे अंगणातच काढून घेतले. बादलीतलं पाणी सिमेंट कालवल्यासारखं झालं. ते पाणी तिनं कुंपणाबाहेर ओतलं आणि परत बादली भरली.

खोकला तेव्हाच लागला. आधी कोरडा, मग सकाळचा, मग सगळ्या वेळचा. डॉक्टरांनी सांगितलं, फुप्फुसावर वण पडलेत, ते जाणार नाहीत, वाढतील. वाढले. मागच्या हिवाळ्यापासून बाबांना जिना बंद झाला, मग कपड्यांची बटणं लावणं अवघड झालं. आंघोळ आई घालते. पाठ चोळताना ती काहीबाही बोलत राहते, कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची गाय व्यायली. बाबा टबच्या कडेला धरून खाली बघत बसतात.

फेलिक्स आता नाही. त्यानं गॅरेजचं दार लावून घेतलं आणि गाडी चालू ठेवली. ज्यानं दार उघडलं तो त्याचा भाऊ अजून आमच्या घरासमोरून जाताना मान वर करत नाही.

त्यानंतर बाबा दुपारचे आपल्या ट्रकमध्ये जाऊन बसायला लागले, इंजिन चालू ठेवून. ट्रक उघड्या अंगणात, काचा खाली, काही व्हायचं नव्हतं. पण आईचं काळीज ठिकाणावर राहीना. एक दिवस तिनं चावी काढली आणि मक्याच्या बरणीत तळाशी घातली. बाबांनी तिला विचारलं नाही. ब्रेंटला विचारलं.

"जरा गाडी सुरू करून देतोस का?"

ब्रेंट माझ्याकडे बघत म्हणाला की बॅटरी उतरलीय.

गर्डर कसा पकडायचा हे ब्रेंटला बाबांनीच शिकवलं होतं, बॅटरी कधी उतरते हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. "बरं," ते म्हणाले. परत येऊन खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ब्रेंट बाहेर जाऊन कितीतरी वेळ लाकडं फोडत होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना शांतता हवी. आईनं ते उचलून धरलं. भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं, रेडिओ शेडमध्ये गेला. येणाऱ्यांनी गाड्या रस्त्यावरच लावायच्या. मामानंही दारात बूट काढून मांजरासारखं यायचं. त्याला ते जमायचं नाही, तो दर वेळी कशाला तरी धडकायचा आणि आई त्याच्याकडे असं बघायची की तो टोपी हातात घ्यायचा. माझी देलिया दात येत होते म्हणून किरकिर करायची. तिनं तोंड वाकडं केलं की मी तिला उचलून मागच्या खोलीत पळायचे, दार लावायचे, पाजायला घ्यायचे. सात महिन्यांचं पोर, पण तिलाही कळायला लागलं होतं. रडण्याआधी माझ्याकडे बघायची.

रात्रंदिवस घरघरणारं ऑक्सिजनचं यंत्रसुद्धा आईनं बाबांच्या खोलीतून बाहेर काढलं. बोळात ठेवलं, खाली गोधडीची घडी घातली, लांब नळी दाराखालून आत सोडली. दार लावलं की काही ऐकू यायचं नाही. एकदा दुपारी धप्प आवाज झाला म्हणून धावलो तर बाबा बोळात गुडघ्यांवर, यंत्र ओढत आत न्यायच्या बेतात. नळी निघालेली, ओठ काळे.

"काय चाललंय तुझं?" आई ओरडली, तीही हळू आवाजात. "झोपायला मिळावं म्हणून जिवाचा आटापिटा करतेय मी आणि तू हे उचलतोस?"

तिनं त्यांना उठवलं, नळी लावली, यंत्र परत गोधडीवर ठेवलं. बाबा पलंगावर पडून छताकडे बघत राहिले.

ओंडका तसाच अंगणात. वाळू नये म्हणून मामा दोन्ही वेळा बादलीनं पाणी मारायचा. बाबा सकाळी उठून जायचे, तीन घाव घालायचे, थांबायचे. परत तीन. पट्टी कशी सुटणार? आई खिडकीतून बघायची आणि हातातलं कापड पिळत राहायची. तिला वाटायचं दम लागतोय म्हणून थांबतात. सगळ्यांनाच तसंच वाटत होतं.

मग शेजारच्या टार्बेलांच्या घरी म्हातारी वारली. आई आणि मामा मयताच्या स्वयंपाकाला गेले, मक्याचं सूप करायला. ब्रेंट शहरात कामावर. घरी मी, देलिया आणि बाबा.

मी पायरीवर देलियाला घेऊन बसले होते. ऊन चांगलं होतं. बाबा ओंडक्यापाशी गेले. तीन घाव, आणि थांबले. मी खुर्ची घेऊन गेले.

"बसा बाबा. दम खा."

त्यांनी हात वर केला, पंजा उघडा, माझ्याकडे न बघता. थांब, असा. मी थांबले. नदीकडून वारा येत होता, दुसरं काही नाही. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून तसा कधी पाहिला नव्हता. दम लागलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. ते ऐकत होते.

तेवढ्यात देलिया किंचाळली. मी सवयीनं तिचं तोंड छातीशी दाबलं आणि घराकडे वळले.

"तिला गप्प करू नकोस," बाबा म्हणाले. "रडू दे पोरीला."

ते खुर्चीत बसले. देलिया मनसोक्त रडली. ती रडत होती तोवर त्यांनी डोळे मिटले होते, आणि खांदे सैल पडले होते. मग त्यांनी सांगितलं. एका दमात नाही, दोन-चार शब्द, मग श्वास, मग पुढचे.

पडलेल्या मनोऱ्यांच्या ढिगावर कुणाला खालून काही ऐकू आलं की शिट्टी व्हायची. सगळी मशिनं बंद. शेकडो माणसं जिथल्या तिथं पुतळ्यासारखी. मग एक जण पाइपावर तीनदा ठोकायचा आणि सगळे ऐकायचे. एकदा बाबा कपारीत खोल उतरले होते, पाइप त्यांच्याच हाताशी होता. त्यांनी ठोकलं. थोड्या वेळानं खालून तीनदा आलं.

वरून अग्निशमनवाल्यांच्या कप्तानानं विचारलं. त्याचा सख्खा भाऊ त्याच ढिगात होता. "लोखंडवाल्या, तुला काय वाटतं?" सगळे बाबांवर अवलंबून. कारण तापलेलं लोखंड गार होताना वाजतं, हे आमच्या माणसांना ठाऊक असतं. अनेक दिवस ते तसं वाजतच होतं, आणि दर वेळी लोकांच्या जिवाचं पाणी व्हायचं.

"मी म्हणालो, लोखंड आहे. गार होतंय," बाबा म्हणाले. "मी म्हणालो आणि क्रेन सुरू झाली."

"मग लोखंडच असेल बाबा. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"असेल."

देलिया हुंदके देत त्यांच्या नळीकडे हात करत होती. त्यांनी तिला आपलं बोट धरू दिलं.

"फेलिक्स वरच होता. त्यानंही ऐकलेलं. आम्ही कधी बोललो नाही त्यावर. एकदाच, मासे धरताना, गळाकडे बघत म्हणाला, लोरन, लोखंड तीनदाच कसं वाजेल रे?"

मी त्यांच्या पायाशी चिखलातच बसले.

"आवाज चालू असला ना पोरी, की ऐकायचं काम आपल्यावर नसतं. गाडीत बसलं की जरा डोळा लागायचा. ते यंत्र खोलीत होतं तेव्हाही लागायचा. आता तुम्ही सगळे इतके शांत असता."

"मग सांगायचं नाही का?"

"तुझी आई किती करते माझ्यासाठी," बाबा म्हणाले. "तिला कसं सांगू, नको करूस म्हणून?"

आई संध्याकाळी सुपाचं पातेलं घेऊन आली. ती ते घासत असताना मी पाठीमागून सगळं सांगितलं. ती घासत राहिली. पातेलं स्वच्छ झालं तरी घासत राहिली. मग हात पुसले, बोळात गेली, गोधडी ओढून काढली आणि यंत्र फरफटत आत नेलं. फरशीवर त्याचा केवढा खडखडाट झाला. बाहेर आली, मक्याच्या बरणीत कोपरापर्यंत हात घातला, मक्याचे दाणे सांडले, तिनं वेचले नाहीत.

तिनं बाबांना धरून ट्रकपर्यंत नेलं. चावी त्यांच्या हातात दिली. त्यांना ती फिरवेना, म्हणून त्यांच्या हातावर हात ठेवून तिनं फिरवली. मग शेजारच्या सीटवर बसली. बाबा काचेला डोकं टेकून लगेच झोपले, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. आई जागची हलली नाही. मी जेवायला बोलवायला गेले तर तिनं ओठांवर बोट ठेवलं नाही, नुसती मान हलवली. इंजिन बंद केलं तर ते जागे होतील म्हणून ती अंधार पडेतो तशीच बसली होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

बरे दिवस फार मिळाले नाहीत. बाबांना सर्दी झाली, सर्दी छातीत उतरली. दवाखान्यात नेऊ म्हटलं तर बाबांनी पलंगाची कड धरली. नर्स येऊन औषधं देऊन गेली. जाताना आईला मिठी मारली, तेव्हा आम्हाला कळलं.

दुसऱ्या दिवशी आईनं ओंडका त्यांच्या खिडकीखाली लोटायला लावला आणि मोगरी स्वतः उचलली.

"बाई, आपल्यात बायका ठोकत नाहीत," मामा म्हणाला.

"मग ये आणि ठोक."

मामानं ठोकलं. ब्रेंट कामावर गेला नाही, त्यानं ठोकलं. मी ठोकलं, पान्ह्यानं शर्ट भिजला तरी ठोकलं. पण सगळ्यांत जास्त आईनं. इतकी वर्षं आवाज ऐकत आली होती, हातात लय आपोआप उतरली होती. हाताला फोड आले, फुटले, तिनं चिंध्या गुंडाळल्या. एक दमला की दुसऱ्यानं मोगरी पडायच्या आत घ्यायची. मध्ये खंड पडला की आत बाबांची बोटं चादरीवर हलायची, मान एका बाजूला कलायची. आम्ही खंड पडू दिला नाही. रेडिओ शेडमधून आणून मोठ्यानं लावला. मामा बूट घालून घरभर फिरला, दारं आपटली. शेजारपाजारचे सूप घेऊन येत, भांडी ठेवत आणि पाळी घेत. फेलिक्सचा भाऊसुद्धा आला. त्यानं कोट काढला आणि ठोकायला लागला.

पट्ट्या सुटत गेल्या, एकेका वर्षाची एकेक. मामाला मोजायची खोड. माझ्या लग्नाचं वर्ष निघालं, मग शाळेचं. पुढे एका पट्टीवर, मनोरे पडले त्या वर्षाच्या, त्याची मोजणी अडली. चांगली जाड पट्टी होती. त्या वर्षी पाऊस बरा झाला असणार. आईनं ती त्याच्या हातातून घेतली, पुसली आणि बाकीच्यांबरोबर पाण्यात सोडली.

त्या सकाळी आत मी होते. देलिया पलंगावर बसून चमच्यानं पातेली बडवत होती. बाबांनी डोळे उघडले.

"कोण ठोकतंय?"

"आई."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. ढिगावरच्यासारखं नाही, नुसतं ऐकलं.

"टोकाला घाई करते," ते म्हणाले. "सांग तिला."

"सांगते."

त्यांनी माझा हात शोधला. श्वास गेला, लांबला, परत आला. मग गेला तो आलाच नाही. बाहेर मोगरी पडत होती, यंत्र घरघरत होतं, देलिया बडवत होती. एवढ्या आवाजात ते गेले. मी त्यांचे डोळे मिटले. तोंडाजवळ कान नेला आणि ठेवला.

मग देलियाला कडेवर घेतलं आणि दारात आले.

ओंडका आता मांडीएवढासुद्धा उरला नव्हता. नुसता गाभा, काळपट. त्यातून पट्टी निघत नाही. मामा आईला तेच सांगत होता, संपलं बाई, आता यात काही नाही. आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं खाली बघितलं, मोगरी उचलली आणि मारली.

"आई," मी म्हणाले.

"आत जा. त्याच्यापाशी बस."

"बाई, थांब आता," मामा म्हणाला. त्यानं टोपी काढली होती.

"लगेच नको." ठोकता ठोकताच ती म्हणाली. चिंध्यांतून रक्त मोगरीच्या दांड्यावर उतरत होतं. "लगेच शांत नको करायला."

मामानं टोपी चिखलात टाकली, दुसरी मोगरी घेतली, ओंडक्याच्या पलीकडे गेला आणि तिच्या ठोक्यात ठोका मिसळला.

मी आत गेले. खिडकी उघडीच ठेवली.